पेमेंट ‘यशस्वी’ झालं, तरी पैसे परत का गेले?

प्रश्न: कॅमेऱ्याच्या लेन्स आणि त्यासोबतचं किरकोळ सामान विकणारं ऑनलाइन दुकान मी दोन वर्षांपासून चालवते. महिन्याला साधारण २४० ऑर्डर होतात. मागच्या महिन्यात लागोपाठ तीन चार्जबॅक आले, म्हणजे ग्राहकांनी बँकेकडे तक्रार केली आणि बँकेने माझ्याकडून पैसे परत घेतले. तिन्ही वेळा पेमेंट ‘यशस्वी’ दिसत होतं, बँकेची मंजुरी होती, मगच माल पाठवला होता. पहिल्यात कार्डधारक म्हणतो की ही खरेदी मी केलेलीच नाही. दुसऱ्याचं म्हणणं, पार्सल मिळालं नाही. तिसरी तर माझी जुनी ग्राहक, याआधी दोनदा माल नेलेली. तिनेही बँकेला ‘ही खरेदी माझी नाही’ असंच कळवलंय. माल गेला, पैसे गेले, वर प्रत्येक चार्जबॅकमागे वेगळी फी. त्यात गेल्या आठवड्यात एका रात्री लेन्स पुसायच्या कापडासाठी सहाशेच्या वर पेमेंटचे प्रयत्न झाले आणि त्यातले ११ पार पडले. आता एक मोठी ऑर्डर समोर आहे: दुकानातली सगळ्यात महाग लेन्स, दोन नग, ग्राहक नवा, बिलाचा पत्ता एक आणि माल पोचवायचा पत्ता दुसरा, तातडीची डिलिव्हरी. संशय आला की मी कार्डाचा फोटो मागवते. त्याने तो लगेच पाठवला. माल पाठवू का? की कार्डं घेणंच बंद करू?

उत्तर: आधी समोरची ऑर्डर, कारण ती सगळ्यात तातडीची आहे. माल आज पाठवू नका. फोटो आला म्हणून निर्धास्त होण्यासारखं काही नाही. चोरलेल्या कार्डाचे आकडे हाताशी असले की त्यांवरून हव्या त्या नावाच्या कार्डाचं चित्र तयार करणं अगदी सोपं आहे. खरा ग्राहक असा फोटो द्यायला सहसा कां-कूं करतो, आणि त्याचं बरोबरच आहे. लगोलग आलेला फोटो आमच्या लेखी विश्वास वाढवणारा नाही.

गेटवेच्या, म्हणजे दुकानासाठी ऑनलाइन पेमेंट घेणाऱ्या सेवेच्या, डॅशबोर्डवर या ऑर्डरच्या पेमेंटचा पूर्ण इतिहास उघडा. शेवटची ‘यशस्वी’ ओळ बाजूला ठेवा आणि तिच्या आधीचे फसलेले प्रयत्न बघा. प्रत्येक नकारामागे कार्ड देणाऱ्या बँकेचा एक कोड असतो. काही गेटवे तो आकड्यात दाखवतात, काही शब्दांत. १४ म्हणजे कार्ड नंबर चुकीचा, ५४ म्हणजे मुदत संपलेली, ५१ म्हणजे पुरेसे पैसे नाहीत, ४१ हरवलेलं कार्ड, ४३ चोरीचं, एन७ म्हणजे सीव्हीव्ही जुळला नाही, आणि ०५ म्हणजे बँकेने कारण न देता दिलेला नकार. एखाद्या प्रामाणिक माणसाला ५१ येतो आणि तो खिशातलं दुसरं कार्ड काढतो, ते समजण्यासारखं आहे. पण दहा मिनिटांत तीन वेगवेगळी कार्डं, एकावर ४३, दुसऱ्यावर एन७ आणि तिसऱ्यावर मंजुरी असा क्रम दिसला, तर पलीकडचा माणूस कार्डांची यादी घेऊन बसलाय. पुढची चौकशी न करता ऑर्डर रद्द करा.

इतिहास स्वच्छ असेल, तर पुढची पायरी. पेमेंट नुसतं ‘ऑथराइझ’ झालंय की ‘कॅप्चर’ही झालंय ते पाहा. ऑथरायझेशन म्हणजे ग्राहकाच्या खात्यात तेवढी रक्कम अडवून ठेवणं. कॅप्चर म्हणजे ती प्रत्यक्ष मागणं. दुकानाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकदमच व्हावं अशी सेटिंग असते, म्हणून हा फरक तुमच्या नजरेला पडला नसेल. कॅप्चर झालं नसेल तर ऑथरायझेशन व्हॉइड (रद्द) करा, झालं असेल तर पूर्ण रिफंड द्या. मग ग्राहकाला त्याच रकमेची नवी पेमेंट लिंक पाठवा आणि त्या लिंकवर थ्री-डी सिक्युअरची पडताळणी, म्हणजे कार्डाच्या बँकेने स्वतः ग्राहकाची ओळख तपासणं, सक्तीची ठेवा. सोबत दोन ओळी लिहा: मोठ्या ऑर्डरसाठी आम्ही बँकेची ओळख-पडताळणी घेतो, ती झाली की माल त्याच दिवशी निघेल. खऱ्या ग्राहकाचं काम बँकेच्या अ‍ॅपवर दोन मिनिटांत होतं. फसवणारा सहसा गप्प होतो, किंवा ‘एवढा वेळ नाही’ म्हणून चिडतो. फोन करून खात्री करण्यापेक्षा आम्हाला ही रीत जास्त भरवशाची वाटते, कारण ऑर्डरवरचा नंबर ज्याने ऑर्डर दिली त्याचाच असतो. तो गोड बोलणारच.

आणखी एक. पेमेंट झाल्यावर ‘पत्ता बदला’ अशी मेल आली, तर पत्ता बदलू नका. ती ऑर्डर रद्द करून नवीन द्यायला सांगा. कुरियर कंपनीकडे वाटेत पत्ता फिरवण्याची सोय असते, महागड्या पार्सलांसाठी तीही बंद करून घ्या. फसवणारा आधी कार्डाशी जुळणारा पत्ता देतो, तपासणीतून सुटतो आणि पार्सल निघाल्यावर ते दुसरीकडे वळवतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. मंजुरी मिळूनही पैसे गेले कसे? मंजुरी देताना बँक एवढंच पाहते की कार्ड चालू आहे का, पैसे आहेत का आणि व्यवहार तिच्या धोक्याच्या हिशोबात बसतो का. किल्ली कुलपाला लागते एवढंच ती सांगते; किल्ली कोणाच्या हातात आहे याची हमी ती देत नाही. दुकानात समोर चिपचं कार्ड वापरलं गेलं, तर फसवणुकीचा भार सहसा बँकेवर राहतो. कार्ड समोर नसताना, म्हणजे ऑनलाइन, आणि जास्तीची पडताळणी झालेली नसताना तो भार विक्रेत्यावर येतो. कार्डधारकाला तक्रार करायला साधारण १२० दिवस असतात, त्यामुळे पैसे जमा होऊन विसरल्यावर ही नोटीस येते.

मंजुरी आणि माल रवाना होणं यांच्यामधला वेळ तेवढा तुमच्या हातात आहे. कॅप्चर स्वयंचलित ठेवू नका. माल पार्सलमध्ये बांधून तयार झाला की मगच कॅप्चर करा. ऑथरायझेशन बहुतेक कार्डांवर सुमारे ७ दिवस टिकतं; तुमच्या प्रोसेसरची (कार्डाची पेमेंट पार पाडून तुम्हाला पैसे देणाऱ्या कंपनीची) नेमकी मुदत विचारून ठेवा, कारण ती उलटल्यावर केलेलं कॅप्चर फसू शकतं किंवा वादात दुबळं ठरतं. या मधल्या वेळात रद्द केलेल्या ऑर्डरचा चार्जबॅक होत नाही, कारण पैसे घेतलेलेच नसतात.

जास्तीची पडताळणी म्हणजे थ्री-डी सिक्युअर. २००१ च्या सुमारास ती आली तेव्हा ग्राहकाला वेगळ्या पानावर नेऊन पासवर्ड विचारायची. लोक तिथूनच पळायचे आणि दुकानदार वैतागायचे. ती जुनी आवृत्ती कार्ड नेटवर्कांनी (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) २०२२ मध्ये बंद केली. या नेटवर्कांच्याच ईएमव्हीको या संस्थेने २०१६ मध्ये मांडलेली नवी आवृत्ती पडद्यामागे ग्राहकाचं उपकरण, पत्ता, आधीची खरेदी अशी बरीच माहिती बँकेकडे पाठवते. बँकेला खात्री पटली तर ग्राहकाला काही न विचारताच व्यवहार पुढे जातो, नाही पटली तर ओटीपी किंवा अ‍ॅपवर मंजुरी मागितली जाते. ‘ग्राहक पळून जातील’ या जुन्या भीतीपायी ती बंद ठेवली असेल, तर आता चालू करा. युरोपात २०१९ मध्ये लागू झालेल्या नियमांनी अशी पडताळणी बहुतेक ऑनलाइन व्यवहारांना सक्तीची केली आहे. ज्या देशांत सक्ती नाही, तिथली कार्डं तुमच्या दुकानात काही न विचारता आत येतात. तुमचा पहिला चार्जबॅक याच वाटेने आलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

पडताळणी झाली की नाही हे व्यवहाराच्या तपशिलात ‘ईसीआय’ नावाच्या आकड्यात दिसतं. व्हिसावर ०५ म्हणजे पूर्ण पडताळणी, ०६ म्हणजे तुम्ही मागितली पण बँकेकडून पूर्ण झाली नाही, ०७ म्हणजे झालीच नाही. मास्टरकार्डवर हेच अनुक्रमे ०२, ०१ आणि ००. पहिल्या प्रकारात ‘ही खरेदी माझी नाही’ या तक्रारीचा भार बँकेवर जातो, दुसऱ्यातही साधारणपणे जातो, तिसऱ्यात तुमच्यावरच राहतो. हा आकडा ऑर्डरच्या पानावर दिसेल अशी सोय करून घ्या आणि महागडी लेन्स ०७ किंवा ०० वर कधीच पाठवू नका. मात्र हे कवच फक्त फसवणुकीच्या तक्रारीपुरतं आहे. ‘माल मिळाला नाही’ किंवा ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या तक्रारींना ते लागू होत नाही.

त्या रात्रीच्या सहाशे प्रयत्नांकडे आता वळू, कारण तीन चार्जबॅकपेक्षा आम्हाला त्याची काळजी जास्त वाटते. याला कार्ड टेस्टिंग म्हणतात. चोरांकडे हजारो कार्ड नंबर असतात, पण त्यातले जिवंत किती हे त्यांना माहीत नसतं. मग स्वस्त वस्तू, खातं न उघडता खरेदीची सोय आणि लगेच कळणारा निकाल असलेलं दुकान शोधून ते बॉटकरवी, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामकरवी, एकेक नंबर चालवून बघतात. कापड त्यांना नकोच होतं. कोणतं कार्ड चालतं एवढंच हवं होतं. जी ११ कार्डं चालली, त्यांचे खरे मालक येत्या काही आठवड्यांत तक्रार करणार हे धरून चाला.

ते ११ व्यवहार आजच रिफंड करा आणि कापडं पाठवायची असतील तर थांबवा. हिशोब पाहा: ते सगळे चार्जबॅक एका महिन्यात आले, तर २४० व्यवहारांवर त्यांचंच प्रमाण साडेचार टक्क्यांच्या वर जातं. मास्टरकार्डच्या अतिचार्जबॅक कार्यक्रमात (फार चार्जबॅक होणाऱ्यांवरच्या देखरेखीत) विक्रेता अडकतो तो महिन्याला किमान १०० चार्जबॅक आणि १.५ टक्के प्रमाण या दोन्ही गोष्टी झाल्या तरच. संख्येने तुम्ही तिथून खूप लांब आहात. पण प्रोसेसरच्या स्वतःच्या मर्यादा याहून कडक असतात, आणि १ टक्क्याच्या आसपास गेलेल्या लहान दुकानालाही तो विचारणा करतो. पुढे तो तुमच्या जमेतला काही हिस्सा कित्येक महिने राखून ठेवू शकतो, किंवा खातंच बंद करू शकतो. खातं बंद करताना तुमचं नाव मास्टरकार्डच्या ‘मॅच’ यादीत (खातं बंद केलेल्या विक्रेत्यांच्या यादीत) गेलं, तर ते ५ वर्षं तिथे राहतं आणि दुसरा प्रोसेसर मिळणं फार अवघड होतं. रिफंड दिल्यावर चार्जबॅक टळतो, तरी कार्डाची बँक फसवणुकीचा अहवाल वेगळा पाठवू शकते आणि व्हिसा एप्रिल २०२५ पासून अहवाल आणि तक्रारी एकत्र मोजते. म्हणून रिफंडवर न थांबता प्रोसेसरला स्वतःहून कळवा: अमुक रात्री हल्ला झाला, एवढे प्रयत्न, एवढे पार पडले, सगळे परत केले, पुढे हे हे उपाय केले. आधी कळवणाऱ्याशी तो वेगळं वागतो.

उपाय करताना नुसता आयपी पत्ता अडवून भागत नाही. बॉट दर काही प्रयत्नांनी तो बदलतात. मर्यादा अनेक बाजूंनी लावा: एका सत्रात तासाला तीन फसलेले प्रयत्न, एका उपकरणावरून किंवा एका ईमेलवरून दिवसाला दोनपेक्षा जास्त कार्डं नाहीत, आणि कार्डाच्या पहिल्या सहा-आठ आकड्यांनुसारही. ते आकडे कोणत्या बँकेचं कार्ड आहे ते सांगतात, आणि टेस्टिंगमध्ये एकाच बँकेचे शेकडो नंबर ओळीने येतात. कॅप्चा पेमेंटच्या पायरीवर हवा, लॉगिनवर लावलेला इथे उपयोगाचा नाही. नकाराचं कारण ग्राहकाला सांगू नका. ‘पेमेंट झालं नाही, दुसरी पद्धत वापरून पाहा’ एवढं पुरे, कारण ‘सीव्हीव्ही चुकला’ हे वाक्य चोराला फुकटची माहिती देतं. ‘कार्ड जतन करा’ असं पान असेल तर तिथेही हेच सगळं लावा. तिथे रक्कम शून्य असते आणि कोणाचं लक्ष नसतं.

यातली एक गोष्ट दुकान बांधून देणाऱ्या डेव्हलपरलाच करावी लागेल. पुष्कळदा बॉट तुमचं पान उघडतच नाही. पानाच्या कोडमधली ‘पब्लिक की’ (पेमेंट सेवेला दुकानाची ओळख देणारी खूण) उचलून थेट पेमेंटचा दरवाजा ठोठावतो. म्हणून पेमेंटची विनंती तयार करण्याआधी सर्व्हरने तपासलं पाहिजे की या सत्रात खरोखर कार्ट भरली गेली होती, रक्कम त्या कार्टशी जुळते आणि विनंती दुकानाच्या पानावरूनच आली आहे. हे तपासलं नाही तर समोरच्या पानावरचा कॅप्चा नुसता शोभेचा राहतो.

रोजच्या ऑर्डर तपासताना एकेका खुणेवर निर्णय घेऊ नका. बिलाचा पत्ता आणि पोचवायचा पत्ता वेगळा असतो तो भेटवस्तू देणाऱ्यांचाही. आयपी एका देशातला आणि कार्ड दुसऱ्या देशातलं असतं ते प्रवास करणाऱ्यांचंही. पत्ता-पडताळणी, म्हणजे एव्हीएस, मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या कार्डांवर चालते आणि पत्त्यातले आकडे व पोस्टाचा कोड एवढंच ताडून पाहते. बाकी देशांच्या कार्डांवर ‘उपलब्ध नाही’ आलं तर तो दोष धरू नका. पण नवा ग्राहक, सरासरीच्या तिपटीहून मोठी रक्कम, सहज विकली जाणारी एकच वस्तू दोन-तीन नग आणि सगळ्यात महाग तातडीची डिलिव्हरी हे चारही एकत्र आले, तर पडताळणी सक्तीची. सीव्हीव्ही जुळला नाही, तर सरळ नकार. बाकीच्यांना जाऊ द्या. नियम आवळत गेलात की अडवलेले चांगले ग्राहक तक्रार करत नाहीत, गपचूप दुसऱ्या दुकानात जातात, आणि ते नुकसान कुठल्याच अहवालात दिसत नाही. कार्डं घेणं बंद करणं म्हणजे याच चुकीचं टोक. ते करू नका.

कार्डांचे फोटो मागवणं मात्र आजच बंद करा. आलेले फोटो मेलमधून, कचरापेटीतून, फोनच्या गॅलरीतून आणि बॅकअपमधूनही पुसा. मंजुरीनंतर सीव्हीव्ही साठवायला पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या नियमांची पूर्ण मनाई आहे, कूटबद्ध करूनसुद्धा. कार्डाचे आकडे प्रोसेसरच्याच पानावर किंवा त्याच्याच चौकटीत टाकले जावेत, तुमच्या सर्व्हरला ते दिसूच नयेत. पेमेंटच्या पानावर चॅट, जाहिरात, आकडेवारी यांच्या ज्या परक्या स्क्रिप्ट असतील त्या काढा. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर अशाच घुसवलेल्या स्क्रिप्टने ग्राहकांची कार्डं टिपली होती आणि २०२० मध्ये कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड झाला.

शेवटी ते तीन चार्जबॅक. उत्तराची मुदत नोटिशीवर पाहा. व्हिसाचे नियम ३० दिवस आणि मास्टरकार्डचे ४५ दिवस देतात, पण प्रोसेसर त्यातले बरेच दिवस स्वतःकडे ठेवतो. कागद एकदाच आणि पूर्ण पाठवा. बहुतेक ठिकाणी दुसरी संधी नसते. आणि चार्जबॅक चालू असताना ग्राहकाला वेगळा रिफंड देऊ नका. पैसे तुमच्याकडून आधीच गेलेत, ते दोनदा जातील.

पहिल्यात ईसीआय ०७ किंवा ०० असेल आणि ग्राहक अगदी नवा असेल तर सोडून द्या. तो कार्डधारक बहुधा खरंच बोलतोय. दुसरा जिंकण्यासारखा आहे: कुरियरचा ट्रॅकिंग क्रमांक, पोचल्याची तारीख आणि वेळ, ऑर्डरवरच्याच पत्त्यावर पोचल्याची नोंद, सही किंवा दारातला फोटो. हे सगळं एका पानात क्रमाने मांडा. बँकेत वाचणाऱ्याकडे प्रत्येक प्रकरणाला थोडीच मिनिटं असतात, वीस स्क्रीनशॉट तो उघडणार नाही.

तिसऱ्या ग्राहक बाईंना आधी शांतपणे फोन करा. आरोप नको, ‘तुमच्या स्टेटमेंटवर कोणतं नाव दिसलं?’ एवढंच विचारा. घरातल्या कोणी कार्ड वापरलं किंवा नावच ओळखू आलं नाही, असंच पुष्कळदा निघतं. त्या तक्रार मागे घेणार असतील तर बँकेचं तसं पत्र किंवा मेल मिळवा, पण तुमचं उत्तर तरीही पाठवा, कारण नुसत्या तोंडी शब्दाने प्रकरण मिटत नाही. त्या मागे घ्यायला तयार नसतील आणि कार्ड व्हिसाचं असेल, तर एप्रिल २०२३ पासून लागू असलेला ‘सबळ पुरावा’ नियम, म्हणजे कम्पेलिंग एव्हिडन्स ३.०, तुमच्या कामाचा आहे. त्याच कार्डावरचे, तक्रार न झालेले, १२० ते ३६५ दिवसांपूर्वीचे दोन जुने व्यवहार दाखवा. त्या दोन्हींमध्ये आणि वादातल्या व्यवहारात किमान दोन गोष्टी सारख्या हव्यात: आयपी पत्ता, उपकरणाची ओळख, लॉगिनचं नाव, पोचवायचा पत्ता, त्यातली एक आयपी किंवा उपकरण असलीच पाहिजे. हे जुळलं तर भार बँकेवर जातो. तुमच्या दोन जुन्या ऑर्डरींच्या तारखा लगेच पडताळा. आणि आयपी व उपकरणाच्या नोंदी दुकानाचं सॉफ्टवेअर किती दिवस ठेवतं तेही पाहा. ९० दिवसांनी पुसत असेल तर ती मुदत दीड वर्षावर न्या.

स्टेटमेंटवरचं नाव प्रोसेसरच्या सेटिंगमध्ये बदलता येतं. तिथे नोंदणीकृत कंपनीचं नाव असेल तर काढून दुकानाचं नाव टाका, साधारण २२ रोमन अक्षरांत बसेल असं, आणि सोय असेल तर फोन नंबरही. मग स्वतःच्या कार्डाने त्या कापडाचीच एक खरेदी करा आणि तुमच्या स्टेटमेंटवर काय उमटतं ते पाहा. काही बँका नाव मध्येच तोडतात, तेव्हा ओळख पटवणारा शब्द सुरुवातीलाच हवा.